अब्बांचा डावा हात

आमच्या लिंबागणेशच्या घरात लोखंडी पेटीत एक कॅसेट आहे. तिच्या कागदावर आमच्या मरहूम चाचांच्या अक्षरात उर्दूतून दोनच शब्द लिहिलेले आहेत : उर्स, बीड. साल लिहिलेलं नाही. पण त्या वर्षी आमच्यातला थोरला सातवीत होता, म्हणजे ते १९८८ असावं. बीडच्या हजरत शहेनशाह वलींच्या दर्ग्याच्या उरुसात आमच्या गावच्या मंडळींनी रात्री कव्वाली म्हटली होती. मंडळी म्हणजे कोणी नावाजलेले कव्वाल नव्हेत. एक शिंपी, एक बांगड्या विकणारे, हार्मोनियमवर एक मास्तर, गायला चाचा आणि ढोलकवर अब्बा. कुणीतरी घरचा टेपरेकॉर्डर स्टेजच्या कडेला ठेवून दिला होता. त्या रात्रीचं एवढंच काय ते आमच्याकडे उरलं आहे.

आमचे दादा पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन ते मांजरसुंब्यापासून पाटोद्यापर्यंतच्या खेड्यांतून फिरत. कुणाची गादी, कुणाची रजई पिंजून देत. पिंजणाची तात मुठीतल्या दांड्यानं छेडली की तिच्यातून जाडसर घुमारा निघायचा. ‘धुम्म… धुम्म…’ अब्बा लहानपणी दादांबरोबर जायचे. ताल आपण कुठल्या उस्तादाकडे नव्हे, त्या तातीकडे शिकलो, असं ते सांगत. पुढे गावातल्या सप्ताहात बसून त्यांनी मृदंग ऐकला. मृदंगाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक थापतात, म्हणजे चामडं जड होतं आणि आवाज खाली उतरतो. ढोलकच्या डाव्या अंगाला हाच मसाला आतून लावलेला असतो. “वजन दिल्याशिवाय खर्ज येत नै,” असं अब्बा म्हणत. उजवा हात बोलतो आणि डावा हात सांभाळतो, हे त्यांचं दुसरं वाक्य.

मग काळ बदलला. मोहल्ल्यात ढोलक, हार्मोनियम जायज की नाजायज यावर बोलणं सुरू झालं. त्यात आपल्याच नात्यातली माणसं होती आणि त्यांची नियत वाईट नव्हती. अब्बांनी कुणाशी वाद घातला नाही. ढोलक एका मंडळींना देऊन टाकली आणि नंतर तिचं नावही काढलं नाही. चाचा गेले. आणि काही वर्षांपूर्वी एका पहाटे, फजरला उठताना, अब्बांचं डावं अंग गेलं. अल्लाहच्या मेहरबानीनं बोलणं शाबूत राहिलं. पाय काठीवर आला. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहतो.

फिजिओथेरपीसाठी त्यांना बीडला न्यावं लागे. आमच्याकडे जुनी सुमो आहे, ती धाकटा चालवतो. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, असं तिचं भाडं चालतं. हल्ली वऱ्हाडातली पोरं गाडीत बसण्याआधी विचारतात, “बेस हाय का?” म्हणून धाकट्यानं उधार-उसनवार करून बीडच्या एका दुकानातून मागच्या बाजूला पेटी बसवून घेतली. एकाच पेटीत दहा इंची दोन सबवूफर आणि सीटखाली अँप्लिफायर. अँप्लिफायरच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत १००० वॅट.

थोरल्यानं ती जुनी कॅसेट औरंगाबादला (तेव्हा गावाचं नाव तेच होतं) एका माणसाकडून पेनड्राइव्हवर भरून आणली होती. आमचा विचार असा की, जाता-येता अब्बा स्वतःची ढोलक ऐकतील, जिवाला बरं वाटेल. लिंबागणेशहून निघालो आणि गाणं लावलं. चाचांचा आवाज आला, टाळ्या आल्या, हार्मोनियम आलं. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. मांजरसुंब्याचा घाट आला तसे ते बोलले, “सब है रे बाबा. पर मेरा बायां किधर है?”

आम्ही लक्ष देऊन ऐकलं. खरंच, ढोलकचा उजवा हात टकटकत होता आणि डावा नव्हताच. धाकट्यानं आवाज वाढवला, बेसचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. मागून नुसती घरघर आली. अब्बांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

त्या रात्री आमचं आपसात भांडण झालं. धाकट्याचं म्हणणं, अँप्लिफायर कमी पडतो, मोठा घ्यावा, हप्त्यानं मिळतो. थोरल्याचं म्हणणं, आधीचेच पैसे फिटले नाहीत. मधल्यानं, जो वायरमनचं काम करतो, एवढंच सांगितलं की दोष सापडल्याशिवाय पैसा घालायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. शेवटी याच वाक्यावर तडजोड झाली.

पहिला संशय मूळ आवाजावर घेतला. घरच्या टेपरेकॉर्डरवर, स्टेजच्या कडेला भरलेली कॅसेट. तिच्यात खर्ज उतरलाच नसेल तर जगातला कुठलाही सबवूफर तो कुठून आणणार? हे तपासायला आम्ही दोन कामं केली. थोरल्याच्या हेडफोनवर तीच फाइल ऐकली. डावा हात बारीक का होईना, पण होता. मग गाडीत चांगल्या ध्वनिमुद्रणाची दुसरी गाणी लावली. त्यांचाही खर्ज दुबळाच. म्हणजे दोष कॅसेटचा नव्हता, गाडीत होता. आणखी एक खबरदारी घेतली. आवाज फार हळू असला की माणसाच्या कानाला खालचे सूर कमीच ऐकू येतात. हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं आहे. म्हणून प्रत्येक तपासणी आवाजाच्या एकाच पातळीवर करायची असं ठरवलं.

दुसरा संशय विजेवर. रात्री गाडीचे दिवे लावून गाणं वाजवलं तर प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणत. मधल्यानं मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास. अँप्लिफायरच्या टोकांवर ठोका पडला की ११ च्याही खाली. वीज वाटेतच सांडत होती. निगेटिव्ह वायर सीटच्या रंग दिलेल्या बोल्टला आवळलेली निघाली. रंगातून वीज कशी जाणार? आम्ही पत्रा कानशीनं घासून चकचकीत केला, तिथं जाड वायर जवळच्या जवळ पक्की आवळली. बॅटरीकडून येणारी वायरही वरून जाड आणि आतून तार बारीक अशी होती, ती बदलली. दिव्यांचं मिणमिणणं थांबलं. १००० वॅटचा हिशेबही त्याच रात्री लागला. अँप्लिफायरचा फ्यूज ३० अँपिअरचा. ३० ला १४ नं गुणलं की ४२०. एवढीच वीज आत जाऊ शकते आणि तिच्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो. बाहेर दोन-अडीचशे वॅट आले तरी नशीब. सोनेरी अक्षरांपेक्षा फ्यूज खरं बोलतो.

तरीही अब्बांचा डावा हात आला नाही.

तिसऱ्या दिवशी मधल्यानं एक पेन्सिल सेल आणला. सबवूफरच्या दोन वायरी अँप्लिफायरपासून सोडवल्या आणि सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवल्या. सेलचा अधिक वायरीच्या अधिकला लावला की पडदा बाहेर यायला हवा. पहिला सबवूफर बाहेर आला. दुसरा आत गेला. आम्ही तिघंही पेटीवर वाकून बघत होतो. पुन्हा टेकवलं. एक बाहेर, एक आत.

दुकानात जोडणाऱ्या पोरानं घाईत एकाच्या वायरी उलट लावल्या होत्या. बाकी दोन्ही सबवूफर धडधाकट. एकेकटे वाजवले तर दोघेही दणकट वाजत. पण एकाच पेटीत, एकाच हवेवर, एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. एकानं हवा दाबावी, दुसऱ्यानं तीच हवा सैल करावी, आणि बाहेर आमच्या कानापर्यंत काहीच येऊ नये. आवाज वाढवला की दोघं जास्त जोरानं एकमेकांविरुद्ध राबत. मोठा अँप्लिफायर हप्त्यानं घेतला असता तर हप्तेही भरले असते आणि खर्जही मिळाला नसता.

पुढच्या दारांतले स्पीकरही त्याच सेलनं तपासले, त्यातलाही एक उलटा निघाला. आमची कॅसेट तर एकाच माइकची. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तोच आवाज, मग एक बाजू उलटी झाली की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकणारच. वऱ्हाडाच्या पोरांना हे कळलं नाही, कारण त्यांची गाणी धडाम-धुडूम करत वाजतच होती. ते कळायला आपला स्वतःचा हात शोधणारा माणूस लागला.

वायरी सरळ केल्या. अब्बांना सुमोत बसवलं, गाणं लावलं. पहिल्याच ठोक्याला सीट हलली, आरशावर टांगलेली आयतुल कुर्सी थरथरली. धाकटा आनंदानं ओरडला. आम्ही अब्बांच्या तोंडाकडे बघितलं.

“आया,” अब्बा म्हणाले. मग थोड्या वेळानं, “पर ये मैं नै बजाया. ये तो चिखल होरा.”

अब्बांच्या तोंडून दखनीत मराठी शब्द सहज यायचे, आणि हा तर नेमका होता. खर्ज आला होता, पण ठोका कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते कळत नव्हतं. पावसाळ्यात पांदीतून चालावं तसं, एक पाऊल उपसावं तोवर दुसरं रुतावं. आतापर्यंत नसलेला आवाज शोधला, आता असलेला आवाज धुवायचा होता. हे काम अवघड निघालं.

त्यासाठी अब्बांनी आम्हाला आधी ताल समजावला. केरव्याचा मूळ ठेका आठ मात्रांचा : धा गे ना ती, न क धी न. उजव्या हातानं मांडीवर बोल मोजत ते म्हणाले, “देखो, बायां बोलता कब है? धा पे, गे पे. फिर चुप. फिर सीधे धी पे.” म्हणजे तिसऱ्या मात्रेपासून सहाव्यापर्यंत डाव्या हाताची गाज बंद. ‘क’ला तो चामड्यावर पडतो, पण गाज उठू देत नाही, दाबून धरतो. पाचव्या मात्रेला तर नावच ‘खाली’ आहे. “बजाना सबको आता है,” अब्बा म्हणाले. “वो जो चुप है ना, वो मेरा काम है. तुम्हारे डब्बे में वो चुपच नै.”

आम्हाला थोरल्याच्या शाळेची विजापूरची सहल आठवली. मुहम्मद आदिलशहाचा गोल घुमट, १६५६ मध्ये पुरा झालेला. वरच्या सज्जात टाळी वाजवली की एकामागून एक प्रतिध्वनी येत राहतात. पोरं खूश होऊन ओरडतात, आणि थोड्या वेळात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. पहिला आवाज संपायच्या आत दुसरा त्याच्यावर पडतो. आमच्या सुमोत तेच चाललं होतं, फक्त घुमटाऐवजी लाकडी पेटी होती.

मग बटणांकडे वळलो. अँप्लिफायरवर एक बटण असतं, कुठल्या सुरापर्यंतचा आवाज सबवूफरनं वाजवायचा ते ठरवणारं. ते १५० हर्ट्झच्याही वर होतं. त्यामुळे चाचांच्या आवाजाचा खालचा भाग, टाळ्यांची धमक, हार्मोनियमची खालची पट्टी, सगळंच मागच्या पेटीत घुसत होतं. ते ८० वर आणलं. पुढच्या स्पीकरना त्याच्या वरचं काम दिलं. बेस वाढवायची बटणं दोन ठिकाणी होती, टेपवर आणि अँप्लिफायरवर, आणि दोन्ही शेवटाला टेकलेली. दोन्ही शून्यावर आणली.

उरलं ‘गेन’चं बटण. त्याला सगळे आवाजाचं बटण समजतात, आम्हीही समजत होतो. प्रत्यक्षात ते टेपकडून येणाऱ्या सिग्नलशी अँप्लिफायरचं माप जुळवायला असतं. ते अति फिरवलं की लाटेची शेंडी कापली जाते, गोल लाट सपाट होते. कानाला ती फाटलेली लागते आणि सबवूफरची कॉइल तापून जळायला येते. ते शून्यावर नेलं, टेपचा आवाज पाऊण ठेवला, गेन हळूहळू वर नेत आवाज फाटायला लागला तिथून थोडा मागे घेतला. अर्ध्यावरही नव्हता तो.

चिखल पुष्कळ कमी झाला, गेला नाही. शेवटचा दोष पेटीत होता. अम्मीनं शबे-बरातसाठी आणलेल्या अगरबत्त्यांतली एक पेटवून मधल्यानं ती पेटीच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवली. गाणं चालू. धूर सरळ वर जात होता. मागच्या कोपऱ्यावर आला आणि ठोक्यागणिक फडफडू लागला. फळ्यांच्या सांध्याला फट होती. बंद पेटीतली हवा पडद्याला गादीसारखी असते, ती प्रत्येक ठोक्यानंतर पडद्याला जागेवर आणते. फट असली की ती धरायच्या वेळी सोडून देते. गावातल्या सुताराकडून फेविकॉल आणि भुसा भरून सगळे सांधे बुजवले, आतून एक आडवी पट्टी ठोकली.

पेटी दोन सबवूफरच्या मानानं लहानही होती. कुठल्या सबवूफरला किती घनफूट हवा लागते याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं. आज कुठल्याही चांगल्या सबवूफरच्या कागदावर ते आकडे छापलेले असतात. कागद आम्ही दुकानातच फेकून आलो होतो. पेटी लहान पडली की ठरावीक सुरावर आवाज फुगतो आणि ठोका संपल्यावरही पडदा हलत राहतो. नवी पेटी करायला पैसे नव्हते. पण थोरल्यानं कुठंतरी वाचलं होतं की बंद पेटीत तंतू सैलसर भरले की आतल्या हवेला ती पेटी मोठी असल्यासारखी वाटते. त्यासाठी उशीत भरतात तो नायलॉनसारखा धागा सांगितलेला होता. अम्मी आत गेली आणि दादांच्या हातची एक जुनी रजई घेऊन आली. उसवून तिच्यातला कापूस अब्बांसमोर टाकला.

अब्बा बराच वेळ तो उजव्या हातानं पिंजत बसले. बोटांनी गाठी सोडवत, एकेक चिमूट मोकळी करत. आम्ही म्हटलं, अब्बा, आम्ही करतो. त्यांनी मान हलवली. मुठीत दाबून भरायचा नाही, श्वास घेईल असा भरायचा, हे त्यांनीच सांगितलं. सबवूफरच्या पाठीला लागू नये म्हणून मध्ये बारीक जाळी ठोकली आणि पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी बीडला निघालो. या वेळी कुणी काही बोललं नाही. घाटात कव्वाली लागली. धा, गे… आणि मग शांतता. चार मात्रांची ती मोकळी जागा पहिल्यांदाच ऐकू आली. तिच्यात चाचांचा श्वास घेतल्याचा आवाज होता, मागे कुणीतरी ‘वाह’ म्हटलेलं होतं, ते इतकी वर्षं आम्ही ऐकलंच नव्हतं. मग धी पडला, आणि त्याच्या शेपटाला तळव्यानं चामडं दाबत वर नेलेला घिस्सा. जिवंत माणसाच्या हाताचा आवाज होता तो. अब्बांचा डावा हात मांडीवर होता तसाच होता. कुठला चमत्कार झाला नाही आणि आम्ही तो मागितलाही नव्हता. फक्त एका जागी त्यांच्या कपाळाला आठी पडली. “यहाँ मैं जल्दी आ गया था,” ते म्हणाले. “चाचा नाराज हुए थे.” चूकही आता स्वच्छ ऐकू येत होती.

पुढे वऱ्हाडाची पोरं सुमोत बसली तेव्हा त्यांना आवाज कमी झाला असं वाटलं. धाकट्याचं एक-दोन भाडं गेलंही. त्याचं तरी काय चुकलं! आपल्या भागात आता खर्ज म्हणजे छातीत धडधड, एवढीच समज उरली आहे. संदलची मिरवणूक असो की विसर्जनाची, ट्रकवर सबवूफरची भिंत उभी राहते, आणि समोरच्याची भिंत उंच दिसली की आपली आणखी उंच करायची. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, यावर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. कागद आपल्या जागी आहे. पण ज्यांच्या दारावरून त्या भिंती जातात, त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना आणि पाळण्यातल्या पोरांना आपलं आणि त्यांचं असा फरक कळत नाही. त्यांना फक्त चिखल कळतो. आणि आम्ही मात्र दर वर्षी गेन वाढवत राहतो. वायर कुणाची उलटी लागली आहे, हे सेल लावून कुणी बघत नाही.

आम्ही मौलवी नाही, की कव्वालीबद्दल फतवा द्यावा. अब्बांनी ढोलक सोडली ती त्यांची आणि अल्लाहमधली बाब. पण आठ मात्रांतल्या चार मात्रा गप्प राहायला जो हात शिकला होता, त्यानं मोहल्ल्यातल्या वादातही तोंड का उघडलं नाही, हे आम्हाला त्या घाटात थोडंसं कळलं.

परतताना मांजरसुंब्याला चहा प्यायलो. पुन्हा लिंबागणेशच्या रस्त्याला लागलो तेव्हा मगरिबची वेळ होत आली होती. कव्वाली तिसऱ्यांदा सुरू होती. अब्बांनी उजवा हात पुढे करून धाकट्याच्या खांद्याला लावला.

“अब आवाज कम कर,” ते म्हणाले. “कम में भी आरा है.”